सरासरीच्या जागी

तुर्कूतल्या इस्पितळाच्या तळघराला खिडकी नाही.
केर्त्तू बाहेरचं हवामान वाचते
येणाऱ्यांच्या बुटांवरच्या बर्फात.

चाव्या, पट्टा, कानातलं इथे ठेवा.
छातीत पेसमेकर? डोळ्यात कधी लोखंडाचा कण?
आत जरा ठोकाठोक होईल, घाबरू नका.
हिरवा दिवा लागला की उजव्या हाताची बोटं
अंगठ्याला लावायची, एकेक करून.
दिवा गेला की थांबायचं.
बाकी कसलाच विचार करू नका, असं म्हणते
आणि दर वेळी मनात खजील होते:
हे कुणाला जमलंय आजवर?

हिवाळाभरात अठरा जण आले.
कागदावर नावं नसतात, तसा नियमच आहे.
पण सात नंबर म्हणजे ती,
जिने पायमोजेसुद्धा घडी करून ठेवले.
अकरा म्हणजे गोदीतला सुतार,
तर्जनीचं पेर करवतीनं केव्हाच नेलेलं.
नसलेलं पेरही तो अंगठ्याकडे नेत होता,
काटेकोर, ताल न चुकवता.
चौदा मध्येच घोरला.

मग प्रत्येक मेंदू ताणायचा, दाबायचा,
एकाच साच्याच्या मेंदूवर बसवायचा.
एकच तयार कोट अठरा जणांनी घालून बघावा तसा:
कुणाला काखेत काचतो,
कुणाच्या बाह्या लोंबतात.
आणि रक्त जिथे सगळ्यात जास्त धावून आलं
तिथे एक ठिपका.

डॉक्टर लिंड्रूस यांना एकच डाग हवाय,
लाल, मध्ये पिवळा,
हात इथे राहतो असं बोट ठेवून सांगता येईल असा.
केर्त्तूनं आधी ठिपके काढले.
अठरा रंग पुरले नाहीत,
दोन निळे एकमेकांत मिसळतात.
रांगोळीचे नव्हेत हे, ओळीत बसणारे;
पाखरांना दाणे फेकावेत तसे पडलेत.
बरेचसे घडीच्या काठाशी,
दोन पुढे, सातचा पार मागे,
अकराचा खाली, एकटाच,
जवळजवळ ओठांच्या मुलखात.

मग सगळ्यांची सरासरी, काळी फुली.
फुली पडली खाचेत, नुसत्या पाण्यात,
जिथे अठरांतल्या कुणाचाच हात नव्हता.

केर्त्तू बराच वेळ बघत राहिली.
पुन्हा मोजलं. फुली तिथेच.

"चालायचंच," डॉक्टर म्हणाले,
"सरासरीला घर नसतं."
मग मफलर गुंडाळता गुंडाळता, दारातून,
"पण ठिपकेही राहू देत. कोपऱ्यात. बारीक."
तिनं फाइलला नाव दिलं 'ठिपके शेवटचे'.
त्या नावाची एक आधीच होती.
मग 'ठिपके खरंच शेवटचे'.

बाहेर अंधार. बस थांब्यावर सहा माणसं,
इथल्या रिवाजानं ऐसपैस अंतर राखून:
कुणी खांबाला टेकून, कुणी कचरापेटीशी,
एक म्हातारी पार दिव्याच्या उजेडापलीकडे,
हातात माशांची पिशवी.
केर्त्तूनं नजरेनंच हिशोब केला
आणि कुणाचंच पाऊल न पडलेल्या
त्या बर्फाच्या तुकड्यावर जाऊन उभी राहिली.

खांबाजवळचा माणूस
अर्धं पाऊल बाजूला सरकला.
म्हणजे मध्य हलला. पुन्हा मोजायला हवं.

बस अजून आली नव्हती.
हातमोज्यात तिची बोटं
अंगठ्याला लागत होती, एकेक करून,
कुठलाच दिवा नसताना.