डावी बाजू

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची इरा म्हणाली,
आजी, तुझ्या हातावर चहा सांडलाय.
मी ओढणीने पुसलं. खरंच पुसलं.
मग दोघी गप्प, तळमजला येईपर्यंत.

नणंद म्हणाली, लिंबू लाव.
लावलं. चुरचुरलं. डाग तिथेच,
वर दिवसभर हाताला सरबताचा वास.
बटाट्याच्या चकत्या झाल्या, ताकाची निवळ झाली.

शेवटी पाचपाखाडी, दुसरा मजला, डॉक्टर टिपणीस.
असेल पस्तिशीची. चेहरा असा की
वेगळी पाटी लावायची गरज नाही.
भिंगातून तिने डावा हात पाहिला, मग उजवा,
मग पुन्हा डावा.
हनुवटीला धरून मान वळवली, हा गाल, तो गाल.
"हेमांगीताई, तुमचं सगळं वय
डावीकडेच कसं काय आलं?"

म्हटलं, एकतीस वर्षं मी डावीकडे बसले.

प्रधान मोटर ट्रेनिंग. आधी फियाट, मग मारुती.
शिकणारा उजवीकडे, स्टिअरिंगला लोंबकळलेला,
मी या बाजूला, कोपर खिडकीत,
पायाखाली माझा वेगळा ब्रेक.
सातची तुकडी उपवनला, तळ्याच्या कडेकडेने.
अकराला वर्तकनगरचा चढ, हाफ क्लच, हाफ क्लच,
अहो हाफ म्हटलं मी.
दुपारी घोडबंदर रोड. तेव्हा दोन्हीकडे झाडी होती
आणि ट्रकवाले शिव्यासुद्धा निवांत द्यायचे.
घाणेकरबाई दर गिअरला "अगंबाई" म्हणायच्या.
राबोडीचे मुकादम, एवढा मिशाळ माणूस,
तीन हात नाक्यावर गाडी बंद पडली तर
स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.
मी त्यांच्याकडे बघत होते.
ऊन माझ्याकडे बघत होतं.

"काच बंद असली तरी येतं ते आत," डॉक्टर म्हणाली.
आरटीओच्या पुस्तकातल्या सगळ्या खुणा मला पाठ,
ही त्यात नव्हती.

मनगटाजवळच्या एकाभोवती तिने पेनने गोल केला.
याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत,
हा आधी तपासायला पाठवू, बाकीचं नंतर.
तीळभर कातडी गेली बाटलीतून.
नऊ दिवस.
त्या नऊ दिवसांत बाकीच्या डागांवर माझा
काही राग उरला नाही. आंघोळीनंतर
मी त्यांना हलक्या हाताने टिपत होते.
दहाव्या दिवशी फोन आला,
"काही नाही हो, वयाचाच आहे."
वयाचाच!
मी जिलबी आणवली पाव किलो.

मग लेझर. डोळ्यांवर पितळी झाकणं,
रबर बँड झटकावा तसं चट, चट,
आणि केस जळल्याचा वास.
आधी अजून काळे होतील, घाबरू नका.
नखाने काढायचं नाही.
रात्री वाटाण्याएवढं मलम,
सकाळी दोन बोटं भरून सनस्क्रीन, घरात असलात तरी.
दहा-बारा दिवसांनी उशीवर, वर्तमानपत्रावर
गळायला लागलं, चहाच्या भुकटीसारखं.
इराचं चुकलं नव्हतं.

खाली कोवळी गुलाबी कातडी. दीड महिन्याने
तीही रंगाला आली. काही पुरते गेले,
काही फिके, वाळलेल्या थेंबाच्या कडेइतके.
परत येतील, डॉक्टर म्हणाली, ऊन टाळलं नाहीत तर.
आता डावा हात उजव्याहून तरुण.
नमस्कार केला की
थोरली धाकटीला भेटायला आल्यासारखी दिसते.

रविवारी पराग मला कासारवडवलीला घेऊन निघाला.
मी डावीकडे. हातात ते लांब मोजे,
स्कूटीवरच्या मुली घालतात तसे,
गालावर पांढरट थर.
मानपाड्याला रिक्षा आडवी आली
आणि माझा पाय खाली गेला, जोरात,
रबरी मॅटवर.

"आई, तिथे ब्रेक नाहीये."

माहीत आहे रे, म्हटलं.
सिग्नल सुटेपर्यंत पाय तिथेच होता.