तळपायाची आग

तोंड आलंय, असं आत्याला फोनवर सांगितलं
आणि न्यूकॅसलच्या त्या बसथांब्यावर माझं मलाच हसू आलं.
जणू इतके दिवस ते परगावी गेलं होतं.
हसले, तर खालच्या ओठाआडचे तिन्ही चट्टे
मिठाचा खडा धरल्यासारखे झोंबले.

आत्या म्हणाली, जाईचा पाला चघळ.
जाई? इथे? मार्चात?
मग कच्चं तोंडलं खा.
वेस्टगेट रोडच्या दुकानात मिळाली तोंडली,
पाकिटात गोठलेली, गोट्यांसारखी वाजणारी.

डॉक्टरनं रक्त तपासलं. लोह ठीक, बी-ट्वेल्व्ह ठीक.
येतात, जातात, म्हणाला. दहा दिवस धर.
धरले. गेले. तिसऱ्या आठवड्यात परत हजर.

माझं काम तक्रारींच्या फोनवर.
भिंतीला बुरशी, बॉयलर गळतोय, लिफ्टमध्ये कुणी मुतलंय.
दिवसाला सत्तर सॉरी.
केली म्हणते, हसून बोल,
हसू पलीकडे ऐकू जातं.

स्टोवेल स्ट्रीटला, भाजलेली बदकं टांगलेल्या खिडकीशेजारून
एक अरुंद जिना वर जातो.
भिंतभर लाकडी खण, आणि त्यांच्यापुढे
लोकरीचं जाकीट घातलेल्या लाऊबाई.
जीभ, म्हणाल्या.
शाळेत चौगुले बाईंची पाठ वळल्यावर काढली होती,
त्यानंतर आजच.
वीजबिल बघावं तशी त्यांनी ती पाहिली, आकडा शोधत.
टोक लाल, म्हणजे हृदय. कडा लाल, म्हणजे यकृत.
आग वर चढलीय तुझी.
त्यांचं इंग्रजीही माझ्यासारखंच, कोपरे दुमडलेलं.
कुणावर रागावलीयस?
कुणावरच नाही, मी म्हणाले.
त्यांनी वहीत बरंच काही लिहिलं.

मग तराजू. कागदावर साली, मुळ्या, काड्या.
त्यात एक पिवळी चकती मी ओळखली, ज्येष्ठमध!
गाम चो, म्हणाल्या त्या.
एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला, एक मला दिला.
थोडा वेळ दोघींनाही इंग्रजीची गरज पडली नाही.

कलिंगडाची पांढरी पूड, चट्ट्यावर नळीतून फुंकायची.
काढा कडू, नाक दाबून.
आणि ही करडी भुकटी व्हिनेगरमध्ये कालवून
रात्री तळपायांना लावायची.
पण दुखतंय तोंड, मी म्हणाले.
हो ना. म्हणून आग खाली ओढायची,
जिथली तिथे.

मी जिन्यातच थांबले.
आमच्याकडे तळपायाची आग मस्तकात जाते,
हे त्यांना कसं सांगू?
आणि एकदा गेली की गेली.
परतीचं तिकीट माझ्या भाषेनं
काढलेलंच नाही.

रात्री सुकुमारनं हुंगलं. लोणचं घातलंयस का गं?
मी मोज्यातले पाय पांघरुणात ओढले
आणि अंधारात मोजत बसले.
केली. गेट्सहेडचा तो माणूस,
बोलता येणाऱ्या कुणाला तरी दे, म्हणणारा.
इचलकरंजीचं दुकान परस्पर विकून
व्हॉट्सॲपवर जोडलेले हात पाठवणारा भाऊ.
पुढच्या वर्षी परत जाऊ, असं अकरा वर्षं म्हणणारा
हा शेजारी घोरणारा.
गळ्यातून उतरली, पोटातून उतरली,
गुडघ्यापाशी अडली वाटतं.

नवव्या दिवशी चट्टे गेले.
काढ्यानं की डॉक्टरच्या दहा दिवसांनी,
देव जाणे.
दहाव्या दिवशी तोच गेट्सहेडवाला, तेच वाक्य.
टेबलाखाली मी बूट काढले,
गार फरशीवर पाय टेकले.
मीच बोलतेय, म्हणाले. सांगा, काय गळतंय?
त्या दिवशी सॉरी एकोणसत्तरच भरल्या.

आज सकाळी डाव्या गालाच्या आत
पुन्हा एक, साबुदाण्याएवढा.
मोजे धुऊन हीटरवर घातलेत.
लाऊबाईंची बुधवारची वेळ घेतलीय.
या खेपेला विचारलं तर नावं सांगेन.
वही जाडजूड आहे त्यांची.