शुभाच्या शेजारी

अजिंठा चौफुलीपुढे ईएसआयची खिडकी.
फॉर्म फुकट,
पेन मात्र ज्याचं त्याचं.

भिला दगडू सपकाळे. चटईचं मशीन, चौदा वर्षं.
आजार डॉक्टरांनी लिहिलाय,
अक्षर मला लागलं नाही.

‘यापूर्वी लाभ घेतला?’
लाभ आमच्या दारावर असतो, दिवाळीत,
शुभाच्या शेजारी, गेरूनं.
घेतला नाही, म्हटलं.

‘कधीपासून आजारी?’
पाच तारीख सांगितली.
त्याआधीची दोन वर्षं
धाप लागली की बंडलांमागं बसायचो
सुपरवायझर फिरकेपर्यंत,
त्यांना रकाना नव्हता.

पोच मिळाली बसच्या तिकिटाएवढी.

घरी इंदू म्हणाली, ‘काय व्हयनं?’
‘आजारी असल्याचा शिक्का बसला.’
तिनं कळण्याच्या भाकरीवर
आज तेल जरा हात सोडून ओतलं.