ह्येका साबण लावू नको

दाजी आरोंदेकरांनी मडकं हातात दिलं
आणि एवढंच सांगितलं, "ह्येका साबण लावू नको."
तळाला पांढुरकी साय धरलेली,
चाळीस वर्षांच्या पहाटा एकावर एक वाळलेल्या.
गुडघे गेले. कमरेचा कोयता आता खुंटीला.
मडकं मात्र अजून आंबटगोड श्वास सोडतं,
तोंडावर कान ठेवला तर काहीच ऐकू येत नाही,
तरी मी ठेवला.

मी शिरोड्याच्या दवाखान्यात थुंकी तपासतो.
एकोणीस वर्षं लोकांचा क्षय काचेच्या पट्टीवर शोधला,
आणि संध्याकाळी घरी येऊन हे.

पहिल्या खेपेला बटाट्याचं पाणी, साखर, अगर,
सगळं कुकरमध्ये घातलं, बशांत ओतलं, वाट पाहिली.
तिसऱ्या दिवशी काळी लव.
चौथ्या दिवशी गुलाबी काहीतरी, आणि वास.
बायको म्हणाली, यापेक्षा कुजका बांगडा परवडला.
दुसरी खेप तशीच. तिसरी मुंग्यांनी नेली.

मग समजलं, हात धुणं म्हणजे धुणं नव्हे.
मे महिन्यात पंखा बंद, खिडकी बंद,
बोलायचं नाही, शिंक आली तर बाहेर पळायचं.
जुन्या शेगडीच्या कॉइलची तार
लाल होईस्तोवर ज्योतीत, मग दहा मोजायचे,
मग टेकवायची.
एक रेघ. बशी फिरव. रेघ. पुन्हा फिरव.
रेघ पुढे जाते तशी गरीब होत जाते,
शेवटी हातात राहतात सुटे सुटे ठिपके:
एकेकटीने वसवलेलं
एकेक गाव.

दीड वाजता साहेब जेवायला गेले की
दवाखान्याच्याच सूक्ष्मदर्शकाखाली मी त्यांना बघतो.
निळ्या रंगाचा एक थेंब.
मेलेल्या निळ्या होतात,
जिवंत रंग घेत नाहीत.
एकीच्या खांद्याला लेक फुटलेली असते, तांदळाच्या कणीएवढीही नाही.
पुस्तकात आहे, लेक सुटली की आईच्या अंगावर वण राहतो,
आणि वीस-पंचवीस वणांनंतर आई थांबते.
हे वाचलं त्या दिवशी मी पोरीला
पुण्याला उगाचच फोन लावला.

परुळेकर डॉक्टरांच्या रिकाम्या होमिओपॅथीच्या बाटल्या
उकळून, अगर भरून, तिरक्या निजवल्या.
वर बोटभर पॅराफिन. कागदाची चिठ्ठी: दाजी–१.
दर चार महिन्यांनी नवं अंथरूण,
दाजी–२, दाजी–३,
फ्रिजमध्ये कोकमाच्या आगळाशेजारी.

वादळात सहा दिवस वीज नव्हती.
लोक मोबाईल चार्ज करायला जनरेटर शोधत होते,
मी वेंगुर्ल्याच्या बर्फ कारखान्यासमोर
डबा घेऊन मासळीवाल्यांच्या रांगेत.
"काय खराब होता तुमचा?" एकीने विचारलं.
मला नीट सांगता येईना.
अकरातल्या चार वाचल्या.

यंदा बोंडूंच्या रसात दाजी–७ सोडली
आणि बरणी घेऊन त्यांच्याकडे गेलो.
ते ओटीवर बसलेले. वास घेतला, मान तिरपी केली.
"खंयच्या माडाचा ह्या?"
तुमच्याच, म्हटलं.
"माजो माड गेलो मरे रस्त्यात."
ठाऊक होतं. खोडावरून उडी टाकूनच मी आलो होतो.

बराच वेळ त्यांनी बरणी उन्हाकडे धरली.
बुडबुडे काचेला धरून वर सरकत होते.
"चढता काय?"
"चढता. रात्री गळ्याक येता."
दाजी हसले की काय कळलं नाही,
दात नाहीत, आणि ऊन होतं.
मग झाकण काढून त्यांनी बोट बुडवलं,
न धुतलेलं, तपकिरीची पूड लागलेलं, अख्खं बोट,
चाखलं, पुन्हा बुडवलं.

एकोणीस वर्षांचा हात पुढे झाला होता अडवायला.
तो मी मांडीवर ठेवला.

रात्री त्याच बरणीतून तार फिरवली.
काय येईल माहीत नाही, कदाचित काळी लव.
चिठ्ठी लिहिली:
दाजी–८.