धूळ आणि ओरखडे

पत्र्याच्या डब्यात बावीस रोल,
बटर पेपरच्या घड्या, घडीवर नानांचं अक्षर:
'इंदू. जिन. ऊन फार.'
'इंदू. जिन. हलली.'
धरणगावच्या पन्नासेक उन्हाळ्यांनी
काही पट्ट्या एकमेकींना चिकटवून टाकल्यात.
त्या मी बशीभर पाण्यात सोडते
आणि ओल्या पापडासारख्या सुट्या करते,
नखानं, कडेकडेनं.

स्कॅनर जळगावहून आणलेला, वापरलेला.
दिवा सरकताना कण्हतो.
एका पट्टीला चार मिनिटं,
तेवढ्यात आत्याचा चहा होतो.

पडद्यावर आधी सगळं उलटं:
काळे दात, पांढरे केस,
कापसाचा ढीग कोळशाच्या वखारीसारखा.
मग एक बटण,
आणि जिनच्या आवारात सकाळ होते,
एकोणीसशे एकाहत्तरची.

कोपऱ्यातला चौकोन विचारतो:
धूळ आणि ओरखडे काढायचे?
मी हो म्हणते.
आमच्या गावात कोण नाही म्हणेल?
इथं दोन वेळा झाडूनही पाय उमटतात.

आत्या कपाळावरचा चष्मा खाली ओढते.
'हाई कोन शे?'
'आई ना.'
'मंग चमकी कोठे गयी तिनी?'

खरंच. नाक मोकळं.
जी कधी गहाण पडली नाही,
दवाखान्यातही उतरली नाही,
ती यंत्रानं कण समजून पुसली.

मी मागे जाते. चौकोनातली खूण काढते.
पुन्हा चार मिनिटं, पुन्हा कण्हणं.
चमकी येते,
आणि तिच्यामागून हवाभर रुई.
पदरावर, भुवयांवर, बैलाच्या वशिंडावर,
सुपडू हमालाच्या उघड्या पाठीवर,
पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या काठीत
बारीक बारीक, पांढरी, तरंगती.
आणि आई हसतेय,
तोंड चांगलं उघडं टाकून.
हेच बघून नानांनी कळ दाबली असणार.
'ऊन फार' ही तक्रार नव्हती.

डब्याच्या तळाशी खाकी पाकीट, वाकवून कोंबलेलं.
मला वाटलं मोठी निगेटिव्ह.
आहेच तशी:
नानांची छाती, सिव्हिल हॉस्पिटल,
कोपऱ्यात शाईनं वय, त्रेपन्न.

काचेवर मावत नाही.
वरचा अर्धा घेते, मग खालचा;
जोडताना एक बरगडी दर वेळी निसटते.
आत ठिपके,
बारीक बारीक, पांढरे, तरंगल्यासारखे.
सत्तावीस हंगाम.
रात्री खोकला लागला की शेजारचे झोपेकाका
भिंतीवर थाप मारायचे, रागानं नाही,
'पाणी प्या हो' म्हणून.

चौकोन पुन्हा विचारतो तेच.
त्याला काय माहीत.
माझं बोट मात्र त्या खुणेवर
जरा जास्तच वेळ राहतं.

मग नाही म्हणते.
फाइलला नाव द्यावं लागतं.
लिहिते: 'नाना. जिन.'
तिसरा शब्द येत नाही.

'हाई कोन शे?' आत्या विचारते.
मी सांगते.
ती चहाची बशी खाली ठेवते, पुढे सरकते,
पदराचं टोक बोटाला गुंडाळते
आणि पडदा पुसू लागते.