सहा बेचाळीस

पाषाणच्या प्रयोगशाळेत चार बरण्या आहेत.
खरं तर लोणच्याच्या, आम्ही त्यात क्षार ठेवतो:
लिथियमच्या बरणीत अकरा टक्के दमटपणा,
मॅग्नेशियमच्या तेहेतीस,
साधं स्वयंपाकाचं मीठ पंचाहत्तरवर ठाम,
आणि शेवटची, जिचं झाकण मला कधीच एका झटक्यात उघडत नाही,
सत्त्याण्णव.
तळाशी थोडं मीठ न विरघळता उरायला हवं,
तरच वरची हवा शब्दाला जागते.

पडदा असा, की केसाच्या जाडीचे सत्तर भाग करावेत
आणि त्यातला एक घ्यावा.
सेकंदाला दोनशे चाळीस कोटी वेळा थरथरतो.
कान लावून काही उपयोग नाही.
बाष्प येऊन त्यावर बसतं, पडदा जड होतो,
स्वर किंचित उतरतो.
किती उतरला, ते मी लिहून ठेवते.

घरमालकीण तापकीरकाकूंना एकदा हे सगळं सांगितलं.
सुतारवाडीच्या गच्चीवर त्या पापड उलटत होत्या.
एक उचलून नखानं वाजवला. टप्प.
"हा ओला आहे अजून."
दुसरा वाजवला. टक्.
"हा झाला."
मग माझ्याकडे बघून:
"आणि याचा तुला पगार देतात?"
देतात, काकू.
एकतीस मार्चपर्यंत.

गुरुवारी घारपुरे सरांनी आलेखावर पेन्सिल टेकवली.
मंगळवार, संध्याकाळी सहा बेचाळीस.
अठरा किलोहर्ट्झचा खड्डा.
बाहेर कोरडी फेब्रुवारी, एसी चालू,
नायट्रोजनची नळी जागच्या जागी.
"हे काय आहे, मृण्मयी?"

मंगळवारी साडेसहाला मुदतवाढ नाकारल्याचं पत्र आलं होतं.
ते घडी करून ॲप्रनच्या खिशात टाकलं,
चिमटा घेतला, पेटीचं झाकण उघडलं,
नमुना बदलायला वाकले
आणि श्वास
जरा जास्त वेळ सोडला.
कुणी ऐकला नाही. त्यानं मोजला.

"दार उघडं राहिलं असेल, सर."
सरांनी शेऱ्याच्या रकान्यात तेवढंच लिहिलं.

हवा कोरडी होत जाते तेव्हा आकडे
गेल्या वाटेनं परत येत नाहीत,
थोडे खालून येतात. त्याला नाव आहे, सूत्र आहे,
माझ्या अहवालात त्यावर अकरा पानं आहेत.
तीन दिवस कोरड्या वायूखाली ठेवल्यावर
पडदा मूळ आकड्यावर आला.
जवळजवळ.
सर म्हणाले, एवढं खपतं.

खोली सोडताना काकूंनी पापडांचा डबा दिला.
जिन्यावरून खाली हाक मारून म्हणाल्या,
झाकण नीट लावत जा गं,
तुझं लक्ष नसतं,
सादळतात.