थापी

लुमाण्णाच्या दुकानाला दार नाही.
एक शटर आहे, अर्ध्यावर अडकलेलं,
खाली फळी, फळीमागे कोळसा,
कोळशामागे लुमाण्णा.
गोवावेसीकडून अनगोळला वळताना
पंक्चरवाला आणि झेरॉक्स यांच्यामधे
जेवढी जागा उरली, तेवढंच.

बोर्ड मी रंगवलाय.
त्यानं पहिल्यांदा शब्द सांगितला तेव्हा
म्हटलं, परत सांग की.
प्लेस्काविट्सा.
परत.
तिसऱ्यांदा माझ्याच हातातला खडू घेऊन
त्यानं भिंतीवर लिहून दाखवला
तिकडच्या एका लिपीत, मग दुसऱ्या.
"तिकडं पण दोन हाईत?"
"दोन हाईत. भांडण एकच हाय."

चार वर्षं नोवी सादच्या एका हॉटेलात
त्यानं कांदा चिरला.
भट्टीवर मिलोराद, भांड्यांना नदीपलीकडचा द्राझेन,
दोघं दिवसभर वाद घालत
की आपण बोलतो ती भाषा कुणाची,
आणि वाद घालताना
एकमेकांचा एक शब्द अडत नसे.
"मला हसू यायचं," लुमाण्णा सांगतो,
"मग आपलं गाव आठवायचं. मग नाही यायचं."

साठ टक्के कानडी, वर. हे मला पाठ आहे.
कानडीत जोडाक्षर खाली लोंबतं
फांदीला वाघूळ लोंबावं तसं,
मराठीत दाटीवाटीनं शेजारी बसतं.
वाघळांसाठी जागा सोडता सोडता
मराठी ओळ एवढी बारीक झाली
की तिच्यासाठी पोरीच्या चित्रकलेच्या डब्यातला
शून्य नंबरचा ब्रश आणावा लागला.
पालिकेचा बसगौडा टेप घेऊन आला,
वाकून मोजलं, सरळ होऊन वास घेतला,
एक खाल्ला उभ्या उभ्या,
बोटं चाटत म्हणाला, इन्नोंदु.
टेप फळीवरच विसरून गेला.
लुमाण्णा आता त्यानं पाव मोजतो.

मटणाचा खिमा रात्रीच मळलेला,
मीठ, कांदा, चिमूटभर सोडा, बस.
मसाला विचारलात तर रागावतो.
गोळा घेतो आणि
या तळव्यावरून त्या तळव्यावर
टप, टप, टप,
आईनं परातीत ज्वारीची थापावी तसा.
त्या शब्दाचा अर्थच टाळी म्हणे.
मी एवढी वळणं घासून लिहिला
तो शब्द, आणि अर्थ
आमच्या चुलीपुढं रोज वाजत होता.

जाळीवर पडला की चर्र,
चरबी गळते, धूर उठतो,
पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरूनच मान वळवतो.
कॅम्पातल्या बेकरीचा जाड पाव
त्याच चरबीत उलटा दाबायचा.
वर कच्चा कांदा. वर लाल चटणी:
तिकडं भोपळी मिरची भाजून करतात,
हा त्यात ब्याडगी घालतो
आणि गप्प राहतो.
साय दोन दिवस मीठ लावून ठेवलेली.
कागदात गुंडाळून हातात.
बसायला जागा नाही, उभं राहायला
गटारावरची फरशी.

नाव कुणालाच येईना.
कॉलेजची पोरं म्हणू लागली, थापी.
दोन थापी. एक थापी, कांदा जास्ती.
कानडी बायकाही थापीच म्हणतात.
मग लुमाण्णानं मला परत बोलावलं:
"पूस ते. थापी लिही. दोन्हीकडं."
दोन अक्षरं. वाघूळ एक नाही.
जुना शब्द मी नीट पुसला नाही,
एकच हात मारला.
उन्हं कलली की पांढऱ्याखालून
तो दिसतो, दोन्ही लिप्यांत,
पण वाचायला कुणाला सवड नाही.

एक नोव्हेंबरला मात्र शटर पूर्ण खाली.
"सुट्टी," म्हणतो.
कसली, ते सांगत नाही.

मजुरी मी पैशात घेतली नाही.
महिनाभर रोज दोन,
एक तिथं, एक घरी न्यायची.
पहिल्याच दिवशी तिसरं फाटक लागलं.
मालगाडी. डबे मोजत उभा राहिलो,
अठ्ठेचाळीसपर्यंत मोजले
आणि कागद रिकामा.

"कसला वास येतोय ओ?" घरात शिरताच ती.
"रंगाचा."
ती काही बोलली नाही.
माझ्या मिशीवरची
साय तेवढी पदरानं पुसली.